प्राचार्य नरहर कुरुंदकर : विचार कसा करावा हे शिकवणारे आपले शेजारी



परीक्षेचे निकाल लागले की काही घरांत पेढे वाटले जातात आणि काही घरांत दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही. हिमायतनगर आणि आसपासच्या खेड्यांतून नांदेडला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या घरीही हेच घडते. अशाच एका घरी आम्ही भेटीला गेलो होतो. मुलगा मेहनती, पण पदवीच्या पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेले. त्याने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, ती त्याने आमच्यापुढे ठेवली. प्रश्नात कारणमीमांसा करायला सांगितली होती आणि उत्तरात गाइडमधली दीड पाने जशीच्या तशी उतरवलेली होती. माहिती सगळी बरोबर होती, पण विचारले होते ते त्यात कुठेच नव्हते. खरे सांगायचे तर त्या वयात आम्हीही असेच लिहीत होतो. पाठ केलेले कागदावर ओतायचे आणि मार्क मागायचे, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

त्या मुलाशी बोलताना आम्हाला आपल्याच भागातल्या एका मोठ्या माणसाची आठवण झाली. तेही इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि एखाद्या प्रश्नाचा विचार कसा करावा, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला शिकवले. त्यांचे नाव नरहर अंबादास कुरुंदकर. आज त्यांच्याविषयी थोडे सांगावे असे वाटते.

नांदापूर ते हैदराबाद

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर या गावी झाला. आज हे गाव हिंगोली जिल्ह्यात येते. त्यांच्या घराण्याचे गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा, आडनाव त्यावरूनच आले. तेव्हा आपला सगळा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारी भाषा उर्दू आणि उच्च शिक्षणही उर्दूतून. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग चालवला होता. मराठी घरातल्या मुलाला आपल्या भाषेत शिकणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणेच होते.

कुरुंदकरांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादेत राहणारे मराठीचे जाणकार अभ्यासक आणि कवी होते. पुढील शिक्षणासाठी कुरुंदकर हैदराबादला गेले. मामांच्या सहवासात त्यांना पुस्तकांचे वेड लागले आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही. तो काळही साधा नव्हता. हैदराबाद संस्थान मुक्त करण्यासाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता. विद्यार्थिदशेतच कुरुंदकर त्या चळवळीकडे ओढले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. सत्ता बोलते ते सगळे खरे नसते, हा धडा त्यांना पुस्तकाआधी रस्त्यावर मिळाला.

नापास झाल्यावर

हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकत असताना त्यांचे वाचन अफाट चालले होते. इतिहास, राजकारण, काव्यशास्त्र, तत्त्वज्ञान असे कोणतेच क्षेत्र त्यांनी सोडले नाही. अभ्यासक्रमाची पुस्तके मात्र मागे पडली आणि इंटरच्या परीक्षेत ते नापास झाले. ते नांदेडला आले आणि प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून काम करू लागले. नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेल्या परीक्षा दिल्या, मराठीची एम. ए. पदवी घेतली आणि पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले. पुढे त्याच कॉलेजचे ते प्राचार्य झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कुरुंदकर नापास झाले आणि तरी मोठे झाले, म्हणून नापास होण्यात काही बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. ते ऐकायला गोड वाटते, पण तो कच्चा युक्तिवाद आहे. नापास होऊन मोठे झालेले एक कुरुंदकर आपल्याला दिसतात, पण नापास होऊन शिक्षण कायमचे सुटलेली कितीतरी मुले आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. एका उदाहरणावरून नियम निघत नाही. त्यांच्या आयुष्यातून एवढेच सिद्ध होते की एका परीक्षेचा निकाल हा माणसाच्या बुद्धीचा शेवटचा निकाल नसतो. स्वतः कुरुंदकरांनीही नापासाचा शिक्का मिरवला नाही, त्यांनी पुन्हा परीक्षा दिल्या. हा फरक आपल्या मुलांना समजावून सांगायला हवा.

नावे काढून टाका, मग वाचा

कुरुंदकरांच्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी एक म्हणजे ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’. आय. ए. रिचर्ड्‌स हे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना काही कविता वाचायला दिल्या, पण कवींची नावे काढून टाकली. मग प्रत्येकाला आपले मत लिहून आणायला सांगितले. निकाल धक्का देणारा होता. नावाजलेल्या कवीची कविता अनेकांनी टाकाऊ ठरवली आणि सामान्य कविता डोक्यावर घेतली. कित्येकांना तर कवितेचा साधा अर्थही लागला नव्हता. या प्रयोगावरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध झाले.

केंब्रिजची ही मुले निवडक आणि हुशार होती. तरीही कवीच्या नावाचा आधार काढून घेताच ती गोंधळली. याचा अर्थ आपण पुष्कळदा मजकूर वाचतच नाही, त्यामागचे नाव वाचतो. थोर माणसाने लिहिले म्हणून थोर आणि आपल्याला न आवडणाऱ्याने लिहिले म्हणून वाईट, असा आपला हिशेब असतो. कुरुंदकरांनी हा रिचर्ड्‌स मराठी वाचकाला समजावून सांगितला, पण त्याच्यापुढे मान तुकवली नाही. त्याचे म्हणणे आधी नीट मांडले आणि मग ते तपासले. परदेशी विद्वानाचे नाव आले की आपल्याकडे वाद थांबतो. नांदेडच्या या शिक्षकाचा अभ्यास मात्र तिथून सुरू झाला.

शिवरायांविषयीचा एक प्रश्न

कुरुंदकरांची विचार करण्याची रीत एका उदाहरणावरून चांगली कळते. रणजित देसाई यांच्या शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. ती एका दीर्घ पत्राच्या रूपात आहे आणि कादंबरीइतकीच ती वाचली जाते. महाराजांवर त्यांनी व्याख्यानेही दिली. महाराज थोर होते का, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही, कारण त्याविषयी कोणालाच शंका नाही. ते थोर कशामुळे होते, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न नेमका काय आहे हे आधी ठरवणे, ही पहिली पायरी.

दुसरी पायरी म्हणजे नेहमीची उत्तरे तपासणे. आपल्याला शाळेपासून १६५९ सालचा प्रतापगड, १६६३ सालचा लाल महाल आणि १६६६ सालची आग्र्याहून सुटका आठवते. हे प्रसंग खरे आहेत आणि रोमांचकारीही आहेत. परंतु केवळ शौर्य आणि चातुर्य यांमुळे एवढी थोरवी येत असेल तर इतिहासात शूर आणि चतुर माणसे पुष्कळ झाली. नवे राज्य स्थापन करणारेही अनेक झाले. त्यांची आठवण लोकांनी अशी का जपली नाही? म्हणजे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण ते पुरेसे नाही.

तिसरी पायरी म्हणजे जिथे खरी कसोटी लागते ती जागा शोधणे. कुरुंदकरांनी ती महाराजांच्या मृत्यूनंतरच्या काळात शोधली. महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले. त्यानंतर औरंगजेब आपली प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरला. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला. राजाराम महाराजांना दूर जिंजीला जावे लागले आणि १७०० साली तेही गेले. राजधानी नाही, खजिना नाही, राजा कधी दूर तर कधी नाहीच. अशा स्थितीत राज्य बुडते, हा जगाचा अनुभव. इथे मात्र लोक लढत राहिले आणि १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) मरण पावला तेव्हाही हा लढा संपलेला नव्हता.

चौथी पायरी म्हणजे निष्कर्ष. सामान्य माणसे एखाद्या राज्यासाठी राजा नसतानाही लढतात, तेव्हा ते राज्य त्यांना आपले वाटत असते. ते का वाटले, याचे उत्तर लढाईच्या प्रसंगांपेक्षा महाराजांच्या कारभारात, रयतेशी वागण्यात आणि त्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेत शोधायला हवे. असा हा युक्तिवाद आहे. तो कोणाला पटेल, कोणाला अपुरा वाटेल. पण ज्याला खोडायचा आहे त्यालाही कोणत्या पायरीवर बोट ठेवायचे ते कळते. चांगल्या युक्तिवादाची खूण हीच आहे. तो उघड्यावर उभा असतो आणि कोणालाही तपासता येतो.

पुराव्याच्या बाबतीतही कुरुंदकर दक्ष होते. त्या काळातले कागद आणि शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेली बखर यांना सारखेच वजन देता येत नाही. आवडती गोष्ट सांगणारा पुरावा म्हणून तो खरा ठरत नाही आणि नावडती गोष्ट सांगतो म्हणून तो खोटाही ठरत नाही.

समोरच्याची बाजू आधी

कुरुंदकरांच्या लेखनाची आणखी एक खूण सांगण्यासारखी आहे. ज्यांच्याशी त्यांचे पटत नसे त्यांची बाजू ते मन लावून मांडत. विरोधकाच्या सर्वांत दुबळ्या वाक्याला धरून टाळ्या मिळवणे सोपे असते. त्याचे सर्वांत बळकट म्हणणे पुढे ठेवायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, याला धीर लागतो. मनुस्मृतीवरील त्यांची व्याख्याने याचा नमुना आहेत. स्वतः ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या कुरुंदकरांनी तो ग्रंथ बारकाईने वाचला, त्याचे समर्थक काय म्हणतात ते ऐकून घेतले आणि मग आपला विरोध कारणे देऊन मांडला. ग्रंथ न वाचता शिव्या देणे त्यांना मान्य नव्हते आणि ग्रंथ न वाचता पूजा करणेही मान्य नव्हते. मुस्लिम समाजात सुधारणेसाठी झटणाऱ्या हमीद दलवाई यांच्याशी त्यांचे मैत्र होते. ते राष्ट्र सेवा दलाच्या समाजवादी परिवारातले होते, पण समाजवाद्यांच्या चुका दाखवायलाही कचरले नाहीत. त्यामुळे सगळेच पक्ष केव्हा ना केव्हा त्यांच्यावर नाराज झाले. तरीही त्यांचे व्याख्यान ऐकायला सगळ्याच पक्षांचे लोक येत.

आपल्यापैकी काहींना इथे संत थॉमस अक्विनास यांची आठवण होईल. तेराव्या शतकातल्या या महान गुरूंनी आपला ‘सुम्मा थेओलॉजिए’ हा ग्रंथ याच रीतीने रचला. प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला ते आपल्या मताविरुद्धचे आक्षेप मांडतात, नंतर स्वतःचे उत्तर देतात आणि शेवटी एकेका आक्षेपाला जबाब देतात. देव आहे का, या प्रश्नालाही त्यांनी या रीतीतून सूट दिली नाही. कुरुंदकर ईश्वरावर श्रद्धा ठेवणारे नव्हते, हे आम्ही लपवत नाही. दोघांमध्ये सातशे वर्षांचे अंतर आहे आणि श्रद्धेचे अंतर त्याहून मोठे आहे. पण समोरच्याचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय आपले म्हणणे सिद्ध होत नाही, याबाबत दोघांची शिस्त एकच आहे. श्रद्धावंताला या शिस्तीची भीती वाटण्याचे कारण नाही.

खेड्यापाड्यांत पोहोचलेले शिक्षक

कुरुंदकरांची ‘मागोवा’, ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ ही पुस्तके प्रसिद्ध आहेत. पण ते केवळ ग्रंथकार नव्हते. मराठवाड्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत त्यांनी अक्षरशः असंख्य व्याख्याने दिली. अवघड विषय सोप्या मराठीत सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. समोर शेतकरी बसला आहे म्हणून त्यांनी विचार पातळ केला नाही आणि विद्वान बसला आहे म्हणून तो अवजड केला नाही. पुण्या-मुंबईच्या बाहेर, मोठ्या ग्रंथालयांपासून दूर राहूनही पहिल्या प्रतीचा अभ्यास करता येतो, हे त्यांनी नांदेडमध्ये राहून दाखवून दिले.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. वय पन्नासही पूर्ण झाले नव्हते. त्यांचे बरेचसे लेखन आणि व्याख्याने त्यांच्या मागे पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जातात.

आपल्या मुलांसाठी

आता त्या मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे परत येऊ. कुरुंदकरांसारखी बुद्धी सर्वांना मिळत नाही, पण त्यांची रीत कोणालाही शिकता येते. अभ्यासाला बसताना चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, असे आम्ही त्याला सुचवले.

१. नेमके काय विचारले आहे? वर्णन करा, तुलना करा, कारणे द्या आणि मूल्यमापन करा ही चार वेगवेगळी कामे आहेत.

२. लेखकाचे मुख्य विधान कोणते आणि त्यासाठी त्याने कोणता आधार दिला आहे? दोन्ही वेगळ्या ओळीत लिहावे. पुष्कळदा दुसरी ओळ रिकामीच राहते!

३. हा आधार पुरेसा आहे का? त्याच गोष्टीचे दुसरे एखादे कारण असू शकते का?

४. याच्या विरुद्ध मताचा शहाणा माणूस काय म्हणेल, आणि त्याला आपले उत्तर काय?

उदाहरणार्थ, मराठी माध्यमातली मुले पुढे मागे पडतात, हे वाक्य आपण रोज ऐकतो. हे विधान झाले. पण मागे पडणे म्हणजे काय? नोकरीत, इंग्रजी बोलण्यात की समजण्यात? आधार कोणता? बहुधा शेजारच्या दोन-तीन मुलांचा. दुसरे कारण असू शकते का? इंग्रजी शाळेची फी भरू शकणाऱ्या घरात पुस्तके, शिकवणी आणि शिकलेले आईवडीलही असतात. मग फरक माध्यमाचा की परिस्थितीचा? विरुद्ध बाजूचा माणूस म्हणेल की उच्च शिक्षणाची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, त्याचे काय? हा आक्षेप बिनतोड नसला तरी खरा आहे, त्याला उत्तर द्यावेच लागेल. कुरुंदकर मराठीतून विचार करत होते हे खरे, पण त्यांनी इंग्रजी ग्रंथ टाळले नाहीत, हेही तितकेच खरे. एवढा विचार कागदावर उतरला की निबंध आपोआप उभा राहतो आणि तो कोणत्याही गाइडमध्ये सापडत नाही.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. मुलाने घरात का असे विचारले की तो उलट बोलतो असे म्हणून त्याला गप्प करू नका. त्याच्याकडे कारण मागा आणि आपलेही कारण सांगा. ज्या मुलाला घरात कारण विचारण्याची मुभा नाही तो परीक्षेत कारणमीमांसा कशी लिहिणार? आणि मोबाइलवर आलेला प्रत्येक मजकूर खरा मानून पुढे पाठवणाऱ्या मोठ्यांच्या घरात पुरावा तपासायला त्याने कोणाकडून शिकावे? परीक्षेतले मार्क ही यातली लहान गोष्ट आहे. उद्या कोणी आपल्या मुलांना दुसऱ्या समाजाविरुद्ध भडकावील, कोणी खोट्या योजनेत पैसे गुंतवायला लावील, तेव्हा हेच चार प्रश्न त्यांना वाचवतील.

तो मुलगा ऑक्टोबरमध्ये राहिलेले विषय पुन्हा देणार आहे. परवा भेटला तेव्हा त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर चारही प्रश्न लिहिलेले होते. खाली त्याने स्वतःचा पाचवा प्रश्न जोडला होता : हे चार प्रश्न पुरेसे आहेत कशावरून? आम्हाला मनापासून आनंद झाला. उत्तर मात्र आम्ही अजून शोधतो आहोत. त्याला आणि परीक्षेला बसणाऱ्या आपल्या सर्व मुलामुलींना आमच्या शुभेच्छा!